मैदान गावाचे, संघ कुणाचा?

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याची राजधानी असलेल्या ट्रेंटन शहराने सप्टेंबर २०१९ मध्ये अजिंक्यपद साजरे केले. शहराच्या ‘ट्रेंटन थंडर’ या बेसबॉल संघाने ईस्टर्न लीगचे विजेतेपद पटकावले होते. पुढल्या वर्षी करोनाच्या साथीमुळे हंगाम झालाच नाही. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२० रोजी न्यूयॉर्क यँकीज या बलाढ्य क्लबने एक घोषणा केली. या क्लबचे उमेदीतील खेळाडू यापुढे ट्रेंटनमध्ये खेळणार नव्हते. ते सुमारे ५० किलोमीटरवरील ब्रिजवॉटर येथील ‘सॉमरसेट पेट्रियट्स’ या संघाकडे जाणार होते. ट्रेंटनने मैदानावर काहीही गमावले नव्हते. विजेतेपद त्याच्याकडे होते, डेलावेअर नदीकाठी सार्वजनिक पैशातून उभारलेले मैदान होते आणि १९९४ पासून जमवलेला प्रेक्षक होता. तरीही एका पत्रकासरशी या संघाचा व्यावसायिक बेसबॉलच्या शिडीवरील दर्जा संपुष्टात आला.

ट्रेंटनची ही कहाणी एकट्याची नाही. त्या हिवाळ्यात अमेरिकेतील ४३ शहरांच्या व गावांच्या संघांवर हीच पाळी आली. मेजर लीग क्लबांशी संलग्न असलेल्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणण्यात आली. हा निर्णय घेतला गेला तेव्हा क्लबांचे मालक चर्चेत होते, लीगचे पदाधिकारी होते, वकील होते. वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर येऊन बसणारा गावचा चाहता मात्र त्यात कुठेच नव्हता. गावाच्या नावाने खेळणारा संघ नेमका कुणाचा असतो, हा प्रश्न त्यातून पुढे आला आहे. त्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही आणि ते शोधण्यासाठी आता फार वेळही उरलेला नाही.

मालक एक, खेळाडू दुसऱ्याचे

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकाला मायनर लीगची रचना समजून घेण्यासाठी थोडे निराळ्या वाटेने जावे लागते. रणजी संघ त्या त्या राज्याच्या क्रिकेट संघटनेचा असतो. खेळाडू राष्ट्रीय संघात निवडला गेला तरी तो मुंबईचा वा विदर्भाचाच राहतो. मायनर लीगमध्ये असे नाही. येथे संघाचे नाव, तिकिटे, खाद्यपदार्थांची विक्री, जाहिराती हे सारे स्थानिक मालकाकडे असते. मात्र खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक हे वरच्या मेजर लीग क्लबचे नोकर असतात. त्यांचा पगार तोच क्लब देतो. कुणी खेळायचे, पिचरने किती चेंडू टाकायचे, कुणाला कधी वर न्यायचे, हे तोच ठरवतो. स्थानिक मालकाला यात अवाक्षर काढता येत नाही.

ही पद्धत रूढ झाली ती गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत. सेंट लुई कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी खेळाडू विकत घेण्याऐवजी छोट्या गावांतील संघांमध्ये ते ‘पिकवण्याची’ योजना आखली. म्हणूनच या व्यवस्थेला तेथे आजही ‘फार्म’ म्हटले जाते. त्यापूर्वीचे मायनर लीग संघ आपापले खेळाडू स्वत: मिळवत, घडवत आणि विकत. रिकी यांच्या योजनेनंतर गावचा संघ हळूहळू दूरच्या महानगरी क्लबची रोपवाटिका बनला.

याचा परिणाम असा की, चाहत्याची आणि वरच्या क्लबची उद्दिष्टे मुळातच वेगळी असतात. चाहत्याला आजचा सामना जिंकायचा असतो. क्लबला तीन वर्षांनी उपयोगी पडणारा पिचर घडवायचा असतो. संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असताना सर्वांत चांगला फलंदाज रात्रीतून वरच्या दर्जाच्या संघात बोलावला जाणे हे येथे नित्याचे आहे. चाहता हळहळतो; पण ज्याला आपण वाढताना पाहिले तो पुढे गेला, याचा त्याला अभिमानही वाटतो. मायनर लीगच्या प्रेक्षकाचे प्रेम या दोन भावनांच्या मिश्रणातून घडलेले असते.

निष्ठा कशावर?

खेळाडू टिकत नाहीत, व्यवस्थापक बदलतात, वरचा क्लबही बदलतो. मग हा चाहता निष्ठा ठेवतो तरी कशावर? ट्रेंटनच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. १९९५ ते २००२ या काळात थंडर संघ बोस्टन रेड सॉक्सशी संलग्न होता. २००३ मध्ये तो न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. अमेरिकी बेसबॉलमध्ये या दोन क्लबांइतके कडवे वैर क्वचितच आढळेल. काल ज्यांच्या नावाने बोटे मोडली त्यांच्याच भावी खेळाडूंसाठी आज टाळ्या वाजवण्याची वेळ ट्रेंटनकरांवर आली, आणि त्यांनी त्या वाजवल्या. कारण त्यांचे नाते बोस्टनशी नव्हते आणि न्यूयॉर्कशीही नव्हते. ते ‘ट्रेंटन’ या छातीवरील अक्षरांशी होते.

या नात्याचे तपशील बाहेरच्याला किरकोळ वाटतील. ट्रेंटनमध्ये ‘चेस’ नावाचा एक गोल्डन रिट्रिव्हर कुत्रा फलंदाजाने टाकलेली बॅट तोंडात धरून डगआउटकडे आणत असे. २०१३ मध्ये तो गेल्यावर हे काम त्याचा मुलगा ‘डर्बी’ याने आणि पुढे नातू ‘रूकी’ याने केले. उजव्या बाजूच्या कुंपणावरून मारलेला उंच फटका थेट नदीत पडू शकतो, ही त्या मैदानाची आणखी एक खासियत. २०११ च्या जुलैमध्ये यँकीजचा महान खेळाडू डेरेक जीटर दुखापतीतून सावरताना येथे दोन सामने खेळला आणि त्याच आठवड्यात न्यूयॉर्कला परतून त्याने आपला तीन हजारावा ‘हिट’ नोंदवला. ज्यांनी त्याला ट्रेंटनच्या छोट्या मैदानावर जवळून पाहिले, त्यांच्यासाठी तो विक्रम थोडासा घरचाच होता.

मायनर लीगची तिकिटे मेजर लीगच्या मानाने बरीच स्वस्त असतात. मैदान लहान असल्याने खेळाडूंचे आपसातले बोलणे ऐकू येते. २०२१ पासून सामन्यांची रचनाही बदलली आहे. एकच पाहुणा संघ मंगळवार ते रविवार असे सहा सामने खेळतो आणि सोमवारी सुटी असते. डबल-ए दर्जाचा संघ हंगामात १३८ सामने खेळतो. त्यांतील निम्मे घरच्या मैदानावर. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत जवळजवळ ७० संध्याकाळी एखादा माणूस तेथे जाऊन बसू शकतो. पेन्सिलीने धावफलकाच्या कागदावर प्रत्येक चेंडूची नोंद करणारे निवृत्त गृहस्थ, शुक्रवारी आतषबाजीसाठी मुलांना घेऊन येणारी कुटुंबे आणि शेजारच्या खुर्चीवरच्याशी केवळ याच मैदानावर ओळख असलेली माणसे, असा हा प्रेक्षक असतो. छोट्या शहरांत ज्या मोजक्या जागी निरनिराळ्या थरांतील लोक एकत्र बसतात, त्यांत या मैदानाचा क्रम वरचा लागतो.

काहींचे नाते प्रेक्षकापुरते मर्यादितही नव्हते. अनेक दशके मायनर लीगच्या तुटपुंज्या पगारात खेळाडूंना भाड्याचे घर परवडत नसे. अशा वेळी गावातील कुटुंबे आपल्या घरातील एखादी खोली त्यांना हंगामभर देत. टेक्सासहून वा डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेला वीस वर्षांचा तरुण अनोळखी गावात एखाद्या घरचा मुलगा होऊन राहत असे. २०२२ च्या हंगामापासून बहुतेक खेळाडूंच्या निवासाची जबाबदारी मेजर लीग क्लबांवर आली. खेळाडूंच्या दृष्टीने हे योग्यच झाले; पण गाव आणि संघ यांना जोडणारा एक धागा त्याबरोबर सैल झाला, हेही खरे.

एकोणीस माणसे

अशा निष्ठेची सर्वांत प्रसिद्ध नोंद ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट या गावी झाली. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री पॉटकेट रेड सॉक्स आणि रॉचेस्टर रेड विंग्ज यांच्यातील सामना सुरू झाला आणि संपेचना. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो; हा बत्तीस इनिंगपर्यंत गेला. कडाक्याच्या थंडीत ईस्टरच्या पहाटे चार वाजून सात मिनिटांनी तो थांबवण्यात आला, तेव्हा मैदानात १९ प्रेक्षक उरले होते. २३ जून रोजी सामना पुढे सुरू झाला आणि तेहतिसाव्या इनिंगमध्ये पॉटकेटने तो ३-२ असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधील हा सर्वांत दीर्घ सामना ठरला. पुढे अमर झालेले कॅल रिपकिन आणि वेड बॉग्ज हे दोघेही त्यात खेळत होते. मात्र त्या रात्री ते मायनर लीगमधील कष्टकरीच होते.

पॉटकेट हे कापडगिरण्यांचे गाव. अमेरिकेतील सूतगिरण्यांचा उद्योग तेथेच जन्मला आणि यथावकाश तेथून गेलाही. १९७७ मध्ये दिवाळखोर झालेला हा संघ बेन माँडोर या निवृत्त गिरणीमालकाने घेतला आणि २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत गावातच राखला. त्यांच्या पश्चात २०१५ मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांना प्रथम प्रॉव्हिडन्समध्ये व नंतर पॉटकेटमध्येच नवे मैदान हवे होते आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा हवा होता. राज्याच्या विधिमंडळात वाटाघाटी रेंगाळल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये मालकांनी शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहराची निवड केली. २०२० चा हंगाम पॉटकेटमधील निरोपाचा हंगाम ठरणार होता. तो करोनामुळे रद्द झाला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे येणाऱ्या प्रेक्षकांना शेवटचा सामनासुद्धा पाहता आला नाही. १९४२ पासून उभे असलेले मॅकॉय स्टेडियम २०२५ मध्ये पाडण्यास सुरुवात झाली. त्या जागी शाळा होणार आहे.

वूस्टरच्या नव्या मैदानाचा खर्च सुमारे १० कोटी डॉलरच्या मूळ अंदाजावरून १५ कोटींच्या पुढे गेला. २०२१ मध्ये संघ तेथे खेळू लागला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांतच हा संघही पुन्हा विकला गेला. ज्या शहराने हे मैदान उभारले, त्याच्याच संघाचा मालक आता देशभरात संघ बाळगणारी एक कंपनी आहे.

२०१९-२० मध्ये काय घडले?

मायनर लीगचे बरेवाईट दिवस यापूर्वीही आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, ५९ मायनर लीग होत्या आणि सुमारे चार कोटी प्रेक्षक त्यांच्या मैदानांवर आले. त्यानंतर दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली, मेजर लीगचे सामने दिवाणखान्यात दिसू लागले आणि गावोगावची मैदाने ओस पडली. १९८० च्या दशकात चित्र पालटले. ‘बुल डरॅम’ या १९८८ च्या चित्रपटाने या खेळाला नवा प्रेक्षक मिळवून दिला. शहरांनी ओस पडलेल्या मध्यवस्तीत नवी मैदाने बांधली. त्यासाठी रोखे काढले, कर लावले. २०१९ मध्ये मायनर लीगच्या सामन्यांना ४ कोटी १५ लाख प्रेक्षक आले. म्हणजे कपात झाली ती प्रेक्षक नव्हते म्हणून नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ४२ संघांची संलग्नता काढण्याची मेजर लीगची योजना उघड झाली, तेव्हा मोठा गहजब झाला. अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही पक्षांच्या शंभराहून अधिक सदस्यांनी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना विरोधाचे पत्र पाठवले. सिनेटर बर्नी सँडर्स यांनीही हा प्रश्न लावून धरला. परंतु लगेचच साथ आली. ३० जून २०२० रोजी संपूर्ण हंगाम रद्द झाला. मायनर लीगची मध्यवर्ती संघटना १९०१ मध्ये स्थापन झाल्यापासून असे प्रथमच घडले. तिकिटविक्री हेच ज्यांचे मुख्य उत्पन्न, ते संघ आर्थिकदृष्ट्या कोलमडले आणि वाटाघाटीची त्यांची ताकद संपली. सप्टेंबरअखेर जुना करार संपताच मेजर लीगने मायनर लीगचा कारभार आपल्या हाती घेतला. तीस क्लब आणि प्रत्येकाला चार संघ, अशी १२० संघांची नवी आखणी झाली. सॉमरसेटसह तीन स्वतंत्र संघ आत घेतले गेले. १९३९ पासून चाललेली न्यूयॉर्क-पेन लीग बंद झाली. अॅपलाचियन पर्वतराजीतील लीग महाविद्यालयीन खेळाडूंसाठी उरली. न्यूयॉर्क शहराने मैदान बांधून दिलेला स्टेटन आयलंडचा संघ तर बंदच पडला.

ट्रेंटनचा संघ सुदैवाने टिकला. पण मेजर लीगमध्ये निवडले जाण्याची आशा बाळगणाऱ्या तरुणांच्या उन्हाळी लीगमध्ये त्याला जागा मिळाली. २०२१ मध्ये कॅनडाची सीमा बंद असल्याने टोरंटोचा क्लब बफलोत खेळू लागला आणि बफलोचा ट्रिपल-ए संघ ट्रेंटनच्या मैदानावर आला. त्या उन्हाळ्यात ट्रेंटनकरांनी पूर्वीपेक्षाही वरच्या दर्जाचा खेळ पाहिला. पाहुणे आपल्या घरी परतल्यावर शहराच्या हाती पुन्हा उन्हाळी लीगच राहिली.

दुसरीकडे, सॉमरसेटचे भाग्य उजळले. १९९८ मध्ये सुरू झालेला हा संघ तोपर्यंत मेजर लीगच्या छत्राबाहेर, स्वतंत्र लीगमध्ये खेळत होता. यँकीजशी जोडला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याने ईस्टर्न लीग जिंकली. मध्य न्यू जर्सीच्या या पट्ट्यात भारतीयांची, आणि त्यांत मराठी कुटुंबांचीही, मोठी वस्ती आहे. मैदान घराजवळ असल्याने येथे वाढणाऱ्या मराठी मुलांना बेसबॉलची गोडी यँकी स्टेडियमपेक्षा अशा छोट्या मैदानावर लागणे सहज शक्य आहे. एका गावाची हानी दुसऱ्या गावाचा लाभ ठरली, एवढेच म्हणून विषय संपवता येईल. परंतु जी गोष्ट ट्रेंटनकडून एका पत्रकाने काढून घेता आली, ती सॉमरसेटकडेही तेवढ्याच सैल धाग्याने बांधलेली आहे. सॉमरसेटचा संघही पुढे वूस्टरचा संघ घेणाऱ्या त्याच कंपनीकडे, ‘डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज’कडे, गेला. सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीचे पाठबळ असलेल्या या संस्थेकडे आज चाळीसहून अधिक मायनर लीग संघ आहेत. एकूण संघांच्या तुलनेत हे प्रमाण एक तृतीयांश वा त्याहून जास्त भरते.

शंभर वर्षांपूर्वीचा निकाल

इतर कोणत्याही उद्योगात बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन ४३ छोट्या व्यावसायिकांना बाजारातून काढले असते, तर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्यांना जाब द्यावा लागला असता. बेसबॉलला तो द्यावा लागत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, बेसबॉलचे सामने भरवणे हा आंतरराज्य व्यापार नव्हे. सबब हा कायदा त्यास लागू नाही. हा निकाल न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिला होता. १९५३ मध्ये जॉर्ज टूलसन या मायनर लीग खेळाडूने त्याला आव्हान दिले. यँकीजने त्याची नेवार्कहून बिंगहॅम्टनला बदली केली होती आणि ती त्याने नाकारली होती. न्यायालयाने जुना निकाल कायम ठेवला आणि बदल करायचाच असेल तर तो काँग्रेसने करावा, असे सुचवले. काँग्रेसने १९९८ मध्ये कायदा केला खरा. पण त्याचे संरक्षण मेजर लीगच्या खेळाडूंपुरते ठेवले आणि मायनर लीगला त्यातून कटाक्षाने वगळले.

डिसेंबर २०२१ मध्ये स्टेटन आयलंडसह चार माजी संलग्न संघांच्या मालकांनी दावा दाखल केला. खालच्या न्यायालयांनी शंभर वर्षांपूर्वीच्या निकालाकडे बोट दाखवून तो फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोहोचले. मात्र तेथे सुनावणीचा निर्णय होण्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, उभय पक्षांत तडजोड झाली. त्यामुळे जुना निकाल तपासला जाण्याची संधी हुकली. ही सूट काढून घेणारे विधेयक सँडर्स यांनी २०२२ मध्ये मांडले होते, तेही पुढे सरकले नाही. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. दावा लावणारे मालक होते आणि तडजोडीचे पैसेही त्यांनाच मिळाले. प्रेक्षक हा या कायदेशीर वादात पक्षकारच नव्हता. किंबहुना त्याची हानी कायद्याच्या भाषेत मांडताच येत नाही.

नाण्याची दुसरी बाजू

मेजर लीगच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही, असे समजणे अन्यायाचे होईल. जुन्या व्यवस्थेत गावच्या चाहत्याचा आनंद बऱ्याच अंशी खेळाडूंच्या दारिद्र्यावर उभा होता. अनेक मैदानांतील सोयी दयनीय होत्या आणि बसचे प्रवास रात्र-रात्र चालत. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अर्थसंकल्पी विधेयकाच्या हजारो पानांत एक तरतूद घुसवून मायनर लीग खेळाडूंना किमान वेतन कायद्यातून बहुतांशी वगळले होते. त्या तरतुदीला ‘अमेरिकेचा आवडता खेळ वाचवा’ अशा अर्थाचे गोंडस नाव होते. खेळाडूंनी २०१४ मध्ये लावलेला वेतनाचा दावा २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरला मिटला. त्याच वर्षी त्यांनी संघटना बांधली आणि २०२३ मध्ये पहिला सामुदायिक करार झाला. डबल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १३,८०० डॉलरवरून ३०,२५० डॉलरवर गेले. ट्रिपल-एमध्ये ते १७,५०० वरून ३५,८०० झाले.

संघ कमी केल्यानेच हे शक्य झाले, असा युक्तिवाद काही जण करतात. तो पटण्याजोगा नाही. ज्या उद्योगाची वार्षिक उलाढाल अब्जावधी डॉलरची आहे, त्याला चाळीस संघांतील तरुणांचे वेतन जड झाले असते, असे मानणे कठीण आहे. वेतनवाढ झाली ती कपातीच्या कृपेने नव्हे. न्यायालयीन लढा आणि संघटना यांच्या जोरावर झाली. यातूनच चाहत्यांनी धडा घ्यावा असा मुद्दा पुढे येतो. खेळाडूंना वाटाघाटीच्या मेजावर जागा मिळाली, कारण ते संघटित झाले. मालकांना तडजोड मिळाली, कारण ते न्यायालयात गेले. गावाकडे मात्र मैदान, कर आणि प्रेक्षक हे सारे असूनही जागा नाही.

गाव मालक असेल तर?

याला पर्याय नाही असे नव्हे, आणि तो बेसबॉलमध्येच सापडतो. १९५७ मध्ये कार्डिनल्सने रॉचेस्टरमधून अंग काढून घेतले, तेव्हा मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यापाऱ्याच्या पुढाकाराने भागविक्री झाली. ८,२२२ लोकांनी भाग घेतले आणि संघ गावाचा झाला. आजही तो तसाच आहे. या काळात वरचे क्लब बदलत गेले. कार्डिनल्स गेले, ओरिओल्स आले, मग ट्विन्स आले आणि २०२१ पासून नॅशनल्स आहेत. पण रेड विंग्ज रॉचेस्टरमध्येच राहिले. ओहायोतील टोलेडो आणि कोलंबस येथील संघांची मालकीही तेथील काउंटी प्रशासनाशी जोडलेली आहे. ज्या शहरांत संघ विकायचा की नाही हे ठरवणारा माणूस मैदानाच्या आसपासच राहतो, तेथे स्थलांतराची धमकी फारशी चालत नाही.

अर्थात सामुदायिक मालकी हा रामबाण उपाय नव्हे. सिराक्यूजचा संघही अशाच भागधारकांचा होता. न्यूयॉर्क मेट्सने देकार दिल्यावर तो २०१७ मध्ये विकण्याचा निर्णय झाला. शिवाय गाव संघाचे मालक असले तरी परवाना मेजर लीगच्याच हाती असतो. खेळाडू देणे वा न देणे हे तिच्याच मर्जीवर अवलंबून राहते. सामुदायिक मालकीने गावाला संघ हलवण्यापासून संरक्षण मिळते, दर्जा जाण्यापासून नव्हे. तरीही दर्जा गेला तर गावाचे नाव, रंग आणि मैदान गावाकडेच राहते, हा फरक लहान नाही.

वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटनचे उदाहरण या संदर्भात आपल्याला अधिक जवळचे वाटेल. २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडला गेलेला उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग २०१२ मध्ये तेथील संघात पिचर होता. भालाफेकीतून आलेल्या या तरुणाला त्या गावाने पाहिले. २०२० मध्ये त्या संघाचीही संलग्नता गेली. तो आता स्वतंत्र लीगमध्ये, नव्या नावाने खेळतो. मैदान तेच आहे, प्रेक्षकही येतात. पण आजचा पिचर उद्या मेजर लीगमध्ये दिसेल, ही आशा फार पुसट झाली आहे. पुण्याच्या क्रिकेट रसिकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुणे वॉरियर्स २०१३ नंतर संपला आणि २०१७ मध्ये अंतिम सामना खेळलेला रायझिंग पुणे सुपरजायंट त्यानंतर लगेच विसर्जित झाला. दोन्ही वेळा प्रेक्षकाला विचारण्यात आले नव्हते.

२०३० ची टांगती तलवार

२०२१ मध्ये १२० संघांना दिलेले परवाने दहा वर्षांचे आहेत. २०३० च्या हंगामानंतर त्यांचे नूतनीकरण होईल, तेव्हा कोणते संघ राहतील आणि कोणते जातील याचा निर्णय पुन्हा त्याच टेबलावर होईल. या परवान्यांबरोबर मेजर लीगने मैदानांसाठी कडक निकष घातले. खेळाडूंच्या खोल्या, प्रकाशझोत, सरावाच्या जागा, महिला कर्मचाऱ्यांसाठी सोयी हे त्यांतील बरेचसे रास्तही आहेत. पण त्यांचे बिल मोठ्या प्रमाणावर शहरे व काउंट्यांकडेच आले. ऑरेगॉन राज्यातील यूजीनमध्ये नव्या मैदानासाठी दीड कोटी डॉलरचे रोखे काढण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये मतदारांनी फेटाळला. तेथील मतदार बेसबॉलचे शत्रू नाहीत. हमी नसलेल्या गोष्टीसाठी कर्ज काढावे की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि ट्रेंटनचा अनुभव पाहता तो गैर म्हणता येत नाही.

म्हणूनच ज्या शहरांनी मैदाने दुरुस्त करून दिली आहेत वा देणार आहेत, त्यांनी त्या पैशांच्या बदल्यात काही अटी घालून घेणे आता अगत्याचे आहे. संघ विकला जात असल्यास शहराला प्रथम खरेदीचा हक्क असावा. संघ गेल्यास मैदानाच्या उरलेल्या कर्जाचा वाटा मालकाने उचलावा. संघाचे नाव व चिन्ह शहराकडे राहावे. या मागण्या भाडेकरारात घालण्यासाठी काँग्रेसच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नगरपरिषदेचा ठराव पुरेसा आहे. मात्र तो ठराव व्हावा यासाठी चाहत्यांना प्रेक्षागारातून उठून नगरपरिषदेच्या सभेला जावे लागेल. वाटाघाटीची वेळ संघ जाण्याआधीची असते, हे पॉटकेट आणि ट्रेंटन या दोन्ही ठिकाणी दिसून आले आहे.

चाहत्याची निष्ठा विनाअट असते, म्हणून ती सुंदर असते, असे म्हणण्याची प्रथा आहे. खेळापुरते ते ठीक. परंतु त्या निष्ठेच्या भरवशावर शहराच्या तिजोरीतून मैदाने उभी राहतात, तेव्हा गावाच्या वतीने करार करणाऱ्यांनी विनाअट राहून चालत नाही. परवान्यांची मुदत संपायला आता फार हंगाम उरलेले नाहीत. ट्रेंटनच्या मैदानावर आजही सामने होतात आणि लोक येतात. अशी आणखी किती गावे २०३० नंतर केवळ उन्हाळी लीगवर समाधान मानतील, हे येत्या काही वर्षांत त्या गावांच्या नगरपरिषदा भाडेकरारांत काय लिहून घेतात, यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.